नातीच्या आजारावरच्या संशोधनाला देणगी द्यायची आहे, पण कुणाला?

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. माझी नात साडेपाच वर्षांची आहे. दीड वर्षाची होईपर्यंत ती 'आबा' म्हणायची, चमचा धरायची. मग काही महिन्यांत दोन्ही गेलं. आता दिवसभर हातावर हात चोळत बसते. पुण्यात जनुकीय तपासणी झाली आणि 'एमईसीपी२' जनुकातल्या दोषामुळे रेट सिंड्रोम हा मेंदूच्या वाढीतला आजार आहे असं निदान झालं. पत्नी गेल्या वर्षी गेली. तिच्या वाट्याच्या जमिनीचे २० लाख आले आहेत, ते तिच्या नावाने या आजारावरच्या संशोधनाला द्यावेत असं माझ्या मनात आहे. मुलगा म्हणतो, 'इथे फिजिओथेरपीचे पैसे भागवताना नाकी नऊ येतात आणि तुम्ही अमेरिकेला दान करताय.' त्यावरून घरात बोलणं बंद आहे. एका क्लिनिकने स्टेम सेलचं पॅकेज सुचवलं आहे, मुलाचा कल तिकडे आहे. पैसे कुठे द्यावेत? आणि त्याचा नातीला उपयोग होईल का? – एक आजोबा, सातारा जिल्हा

गुरुजी, नमस्कार.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पहिल्याचं त्यावर अवलंबून आहे. तुमच्या २० लाखांमुळे तुमच्या नातीसाठी औषध निघेल असं कुणी सांगत असेल तर त्याला चेक देऊ नका. पण या आजाराच्या संशोधनात घरच्या माणसांच्या पैशाने कुठेच काही हललं नाही, असं कुणी म्हणालं तर तेही खरं नाही. कोणत्या टप्प्यावर लहान पैसा मोठं काम करतो, ते समजून घ्यायला हवं.

आधी हिशोब मांडू. आपल्याकडे पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्याला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये छात्रवृत्ती मिळते. पाच वर्षांचे झाले सुमारे २४ लाख, घरभाडं वेगळं. म्हणजे तुमच्या सगळ्या पुंजीत एका विद्यार्थ्याची पीएचडीसुद्धा बसत नाही. उंदीर, रसायनं, सूक्ष्मदर्शक यांचा खर्च तर मी धरलेलाच नाही. प्रयोगशाळा चालते ती सरकारी पैशावर: जैवतंत्रज्ञान विभाग, वैद्यकीय संशोधन परिषद म्हणजे आयसीएमआर, आता एसईआरबी या जुन्या मंडळाच्या जागी आलेलं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, आणि केंद्र सरकार व लंडनचा वेलकम ट्रस्ट मिळून चालवतात ती इंडिया अलायन्स. ही शेवटची मला विशेष आवडते, कारण ती नुसत्या प्रकल्पाला न देता माणूस पारखून त्याला काही वर्षं स्वस्थपणे काम करू देते. मार्चएंडला आलेलं अनुदान मार्चएंडच्या आत कसं 'खर्ची घालावं' लागतं, हे जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला मी काय सांगणार!

मात्र सरकारी समित्यांची एक खोड आहे. अशा समित्यांवर मी बरीच वर्षं बसले आहे, तेव्हा हे आतून सांगते. समिती विचारते, 'प्राथमिक पुरावा कुठे आहे?' आणि पुरावा गोळा करायला पैसे लागतात, जे समिती पुराव्याशिवाय देत नाही. आजार दुर्मीळ असेल, तज्ज्ञांपैकी दोघांनी तो फक्त पुस्तकात पाहिलेला असेल, तर अर्ज सभ्यपणे बाजूला ठेवला जातो. घरच्यांचा पैसा कामाला येतो तो या खिंडीत.

रेटचीच गोष्ट पाहा. व्हिएन्नाचे डॉ. आंद्रेआस रेट यांनी १९६६ मध्ये या मुलींबद्दल जर्मन भाषेत लिहिलं आणि जवळजवळ कुणी वाचलं नाही. १९८३ मध्ये स्वीडनचे हागबेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ मुलींची नोंद इंग्रजीत छापली, तेव्हा जगभरच्या डॉक्टरांना आपापल्या ओपीडीतल्या मुली आठवल्या. ह्यूस्टनच्या डॉ. हुदा झोगबी यांनीही आपली पहिली रुग्ण त्याच वर्षी पाहिली. त्या तेव्हा शिकाऊ डॉक्टर होत्या. आजार बहुतेक वेळा घराण्यात चालत येत नाही, त्यामुळे जनुक शोधायला एकाच कुटुंबातले चार रुग्णही मिळत नव्हते. तरी त्या चिकटून राहिल्या आणि १९९९ मध्ये, तब्बल १६ वर्षांनी, एमईसीपी२ हाती लागलं.

त्याच वर्षी अमेरिकेत काही पालकांनी एकत्र येऊन रेटच्या संशोधनासाठी प्रतिष्ठान काढलं. ही माणसं देणग्या गोळा करायची, शास्त्रज्ञांचे सल्लागार मंडळ नेमायची आणि सरकारी समिती ज्याला हात लावणार नाही अशा कल्पनांना पैसे द्यायची. एडिंबरोच्या एड्रियन बर्ड यांनी एक प्रयोग योजला होता. उंदराच्या पिलात हे जनुक आधी बंद करून ठेवायचं, आजार पूर्ण दिसू लागला की पुन्हा चालू करायचं, आणि काय होतं ते पाहायचं. त्या काळी सगळ्यांची समजूत होती की मेंदू घडत असताना बिघाड झाला तर घडी कायमची विस्कटते, नंतर जनुक दुरुस्त करून काय उपयोग? २००७ मध्ये निकाल आला. मरणपंथाला लागलेले उंदीर चालू-फिरू लागले. या प्रयोगामागे वेलकम ट्रस्टच्या पैशाबरोबर त्या पालकांचा पैसाही होता.

यातून जे कळलं ते तुमच्या घरासाठीही महत्त्वाचं आहे. रेटमध्ये चेतापेशी मरत नाहीत. त्या आकाराने लहान राहतात, त्यांच्या जोडण्या कमी पडतात, पण असतात. वाढत्या मज्जासंस्थेचे सगळेच आजार असे नसतात. मज्जारज्जूतल्या चेतापेशी मारणाऱ्या एसएमए या आजारात वेळ निघून गेली की गेली. ज्या १६ कोटींच्या इंजेक्शनसाठी लोकवर्गणीची आवाहनं तुम्ही वाचली असतील, ते म्हणूनच जितकं लवकर द्याल तितकं बरं.

मग २००७ नंतर इतकी वर्षं औषध का नाही? कारण हे जनुक मिठासारखं आहे, कमी चालत नाही आणि जास्तही चालत नाही. एमईसीपी२ ची एक प्रत जादा असली तर वेगळा गंभीर आजार होतो, मुख्यतः मुलग्यांना. त्यात मुलींच्या शरीरात प्रत्येक पेशी दोनपैकी एकच एक्स गुणसूत्र वापरते, त्यामुळे तुमच्या नातीच्या मेंदूत साधारण निम्म्या पेशी धडधाकट आहेत आणि निम्म्यांत दोष आहे. विषाणूच्या पाठीवर बसवून नवं जनुक पाठवलं तर ते दोन्हींत शिरतं. आजारी पेशीला पुरेल आणि निरोगी पेशीला बाधणार नाही असं माप साधायचं, इथे सगळ्यांचं घोडं अडलं होतं. आता अमेरिकेत अशा जनुकोपचाराच्या चाचण्या मुलींवर सुरू आहेत, काहींचे सुरुवातीचे निकाल आशा वाटावी असे आहेत. पण २०२४ मध्ये एका चाचणीत मोठा डोस मिळालेली एक रुग्ण दगावली आणि तो डोस बंद करावा लागला.

दुसरं, ट्रोफिनेटाइड नावाचं पिण्याचं औषध मार्च २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्याच्या मुळाशी जे उंदरांवरचं काम आहे, त्यात अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे मृगांक सूर यांच्या प्रयोगशाळेचा वाटा मोठा आहे. पुढच्या चाचण्यांना रेट कुटुंबांच्या संस्थेनेही पैसे पुरवले. औषधाने काही मुलींची नजर, लक्ष, हातांचा वापर थोडा सुधारतो. चाचणीत दहातल्या आठ मुलींना जुलाब झाले, आणि अमेरिकेतली किंमत वर्षाला ३ लाख डॉलरच्या वर आहे. त्यासाठी जमीन विकायला निघू नका.

आता तुमच्या चेकबद्दल. अमेरिकेला पाठवायचा असेल तर कायद्याची आडकाठी नाही, बँकेतून रीतसर जातो. मात्र परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आपल्याकडे करसवलत मिळत नाही, आणि रक्कम ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की बँक आधी टीसीएस म्हणजे आगाऊ कर कापून घेते. तिथल्या मोठ्या रेट संस्था भल्या आहेत, कुणाला किती दिलं ते जाहीर करतात. २०२५ पासून अमेरिकेत सरकारी संशोधन निधीला जी कात्री लागली आहे ती पाहता तिथल्या शास्त्रज्ञांना पैशाची गरज आधीपेक्षा जास्तच आहे, हेही खरं. तरी माझं मत स्पष्ट आहे: तुमचा पैसा इथे लावा. तिथे २० लाख म्हणजे वीस-बावीस हजार डॉलर, एका मोठ्या ताटातले चार घास. इथे त्याच पैशात एक अशी गोष्ट होऊ शकते जी आज जवळपास कुणी करत नाही.

ती गोष्ट दिसायला अगदी कंटाळवाणी आहे, त्याला पेटंट मिळत नाही, वर्तमानपत्रात फोटो येत नाही. अमेरिकेत २००६ पासून सरकारी पैशातून रेटच्या मुलींचा एक दीर्घ अभ्यास चालला. औषध काही द्यायचं नाही. मुली ठरावीक काळाने यायच्या, त्यांचं वजन, उंची, डोक्याचा घेर, पाठीचा बाक, झटके, झोप, हातांची हालचाल, सगळं त्याच पद्धतीने नोंदवायचं. हजारावर रुग्णांची अशी नोंद झाली. आज औषध कंपनी चाचणी आखते तेव्हा विचारते, 'औषधाशिवाय या मुलीचं पुढच्या दोन वर्षांत काय झालं असतं?' त्याचं उत्तर या वहीत आहे. ही वही नसेल त्या देशाकडे कंपनी सहसा वळत नाही.

आपल्याकडचा अंदाज घ्या. रेट साधारण १०,००० मुलींत एकीला होतो. महाराष्ट्रात वर्षाला १८-२० लाख बाळं जन्मतात, त्यातल्या निम्म्या मुली धरल्या तर दरवर्षी ९०-१०० नव्या मुली. कुठे आहेत त्या? काहींवर सेरेब्रल पाल्सीचा शिक्का, काहींवर ऑटिझमचा, काहींना तर 'बाहेरचं' म्हणून देवऋषाकडे फिरवतात. उपकरणं आणि माणसं आपल्याकडे नाहीत असं नाही. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत मेंदू कसा घडतो यावर जागतिक दर्जाचं काम होतं. बंगळुरूला एनसीबीएस आणि इनस्टेम या जीवशास्त्राच्या संस्थांच्या आवारात मेंदूच्या वाढीतल्या आजारांवर स्वतंत्र केंद्र आहे, त्याच शहरातल्या जेएनसीएएसआर या संस्थेत सिनगॅप१ जनुकाच्या आजारावर, म्हणजे रेटच्या लांबच्या भावंडावर, संशोधन चालतं. मुंबईचं केईएम हे दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणातलं उत्कृष्टता केंद्र आहे. आयसीएमआरची दुर्मीळ आजारांची राष्ट्रीय नोंदवही आहे. पण नोंद एकदा होते. पुढच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी ती मुलगी पुन्हा येत नाही, कारण गडचिरोलीहून किंवा सांगोल्याहून एका मुलीला, आईला आणि बुडालेल्या दोन दिवसांच्या मजुरीला घेऊन मुंबई गाठायची म्हणजे चार हजार रुपये कुठे गेले कळत नाही.

म्हणून माझी सूचना अशी. एखाद्या सार्वजनिक रुग्णालयाच्या बालमेंदूविकार किंवा जनुकविज्ञान विभागाने रेटच्या मुलींसाठी वर्षातून दोनदा ठरलेल्या दिवशी ओपीडी लावावी आणि तिथे त्या पद्धतीने नोंदी व्हाव्यात. २० कुटुंबांचा प्रवास, प्रत्येकी ४,००० रुपये, वर्षातून दोन खेपा: १ लाख ६० हजार. तीन वर्षांचे ४ लाख ८०,०००. तुमच्या पैशातले ५ लाख इथे द्या, आणि तिथेच थांबा. तीन वर्षांच्या नोंदी हातात असलेला डॉक्टर आयसीएमआरकडे अर्ज घेऊन गेला तर त्याला 'प्राथमिक पुरावा कुठे आहे' असं विचारता येणार नाही.

देताना मात्र शिक्षकाची नजर ठेवा. चेक डॉक्टरच्या नावाने कधीही नाही, रुग्णालयाच्या संशोधन संस्थेच्या किंवा नोंदणीकृत न्यासाच्या नावाने, सोबत 'अमुक कामासाठीच' असं पत्र. संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता आहे का ते कागदावर पाहा. पैसे वर्षावर्षाने द्या, पहिल्या हप्त्याची यूसी (पैसे कुठे खर्च झाले याचं उपयोगिता प्रमाणपत्र) आल्याशिवाय दुसरा नाही. यूसी हा शब्द तुम्हाला नव्याने शिकवायची गरज नाही. आणि विचारा, नोंदी कुणाकडे राहतील, डॉक्टरची बदली झाली तर काय? पालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयात हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. उत्तर देताना समोरचा अडखळला तर दुसरं रुग्णालय बघा. देणगीवरच्या करसवलतीची पावती जरूर घ्या, पण वजावट जुन्या करपद्धतीतच मिळते, तेव्हा आधी सीएला विचारा. देशात रेटच्या पालकांची इंडियन रेट सिंड्रोम फाउंडेशन नावाची संघटना आहे, पैशाआधी त्यांच्याशी बोला. कोणत्या शहरात कोण डॉक्टर या मुलींना खरोखर बघतात, हे त्यांना कुठल्याही संकेतस्थळापेक्षा जास्त माहीत असतं.

उरलेले १५ लाख नातीचे. इथे मी पूर्ण तुमच्या मुलाच्या बाजूने आहे. रेटच्या मुली मोठ्या होतात, अनेक जणी चाळिशी-पन्नाशीपर्यंत जगतात, म्हणजे हा खर्च आई-वडिलांच्या निवृत्तीनंतरही चालू राहणार आहे. फिजिओथेरपी चुकली तर पाठीचा बाक वाढतो आणि मग शस्त्रक्रियेचा खर्च येतो. या मुली डोळ्यांनी बोलतात हे तुम्ही घरात पाहिलं असेलच. नजर टिपून शब्द उच्चारणारं यंत्र मिळतं, पण आधी पारदर्शक पत्र्यावर चित्रं चिकटवून सुरुवात करा, ती कशाकडे बघते यावरून 'हो-नाही' ठरवा. शाळेत तुम्ही तक्ते केले असतील त्यातलाच हा एक. यूडीआयडी हे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र काढलं नसेल तर काढा, राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विम्यात ती बसते का पाहा, आणि १८ व्या वर्षानंतर कायदेशीर पालक कोण याची व्यवस्था कागदावर आत्ताच लिहून ठेवा.

स्टेम सेलचं पॅकेज घेऊ नका. इथे दुसरी बाजू वगैरे काही नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेम सेलचा वापर हा मंजूर चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. जो पैसे मागतो त्याची चाचणी नाही, आणि ज्याची चाचणी नाही त्याच्याकडे तुमच्या नातीला नेऊ नये. मुलाला हा परिच्छेद वाचून दाखवा. रागावलेला बाप कुठल्याही आशेला हात घालतो, त्यात त्याचा दोष नाही.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण अशा पत्रांत बहुतेकदा ओळींच्या मध्ये असतं म्हणून विचारते: घरात कुणी 'हे सुनेच्या माहेरून आलं' असं म्हणत नाही ना? रेटमधला बिघाड बहुसंख्य वेळा नव्याने घडतो आणि बहुतेकदा वडिलांच्या शुक्रपेशीत घडतो. तो कुणाच्या खाण्यापिण्याने, वागण्याने, कुळाने होत नाही, तेव्हा दोष मुलाकडेही सरकवू नका. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर सुनेची तपासणी करून जनुकीय समुपदेशकाशी बोला. तिच्यात दोष नसेल तर पुन्हा होण्याची शक्यता १ टक्क्याहूनही कमी असते.

पत्नीचं नाव द्यायचंय म्हणता. इमारतीवर पाटी लावण्याइतके हे पैसे नाहीत आणि पाटी कुणी वाचतही नाही. प्रवासनिधीला त्यांचं नाव द्या. गडचिरोलीहून आलेल्या आईच्या पावतीवर ते छापलं जाईल. ५ लाखांत संस्था एवढं आनंदाने करते, फक्त पत्रात आधी लिहा, नंतर मागितलं तर फाइल फिरत राहते.

आज उद्या कुठलाच चेक फाडू नका. सगळी रक्कम सहा महिन्यांच्या ठेवीत टाका, मुलाला घेऊन पालक संघटनेशी एकदा बोला, रुग्णालयात एकदा जाऊन या. हिशोबाची वही मुलाच्या हातात द्या. १५ लाख कशाला आणि ५ लाख कशाला, ते त्यालाच लिहू दे.

ता. क.: नातीचा ईसीजी कधी काढला आहे का? रेटच्या काही मुलींत हृदयाच्या ठोक्यातला क्यूटी नावाचा कालावधी लांबतो आणि मग काही प्रतिजैविकं व इतर औषधं धोक्याची ठरतात. बालरोगतज्ज्ञांना विचारून वर्षातून एकदा काढून घ्या, आणि अहवालाची झेरॉक्स औषधांच्या पिशवीतच ठेवा.